भरतेशचा सूर्यास्त

भरतेशसंगं सूर्यास्त बघायला कधी जाऊ नका, सांगून ठेवतो! त्याच्या जैनांच्या घरात सूर्य मावळल्यावर पाणीसुद्धा पीत न्हाईत. कॉलेजला दोन दिवस सुट्टी, म्हणून आम्ही दोघं स्कूटरवरनं कणकुंबीला गेलतो. टेकडीवर पोचलो तर सूर्य टेकायला आलेला. ह्यानं घाईनं खर्डा-भाकरी कोंबली आणि तोंड पेटलं! पाणी खाली स्कूटरला. मी पळत जाऊन आणलं, तर पठ्ठ्यानं डोळे गच्च मिटलेले.

"सूर्य मावळला की रं!" मी म्हटलं.

"मला काय म्हाईत? मी बघतोय कुठं!"

घटाघटा पाणी प्याला.

"आता तरी डोळे उघड."

"अजून अर्धी भाकरी ऱ्हायलीया!"

तेवढ्यात त्याच्या आईचा फोन. मी त्याच्या कानाला लावला.

"कसा झाला रं सूर्यास्त?"

"अजून व्हायचाय, आई!"