सगळ्यांना अठ्ठ्याण्णव

नाव: फेलिसिदाद पालमारेस. वय: एकसष्ट. धंदा: खाणावळ, बिअर आणि गाण्याचे मशीन. राहणार: बंदर गल्ली, इलोइलो शहर, फिलिपिन्स.

आज रविवार, १५ जून, सकाळी दहा वाजता चौकीत बोलावले म्हणून आले आहे. विचारले तेवढे सांगते आणि न विचारलेलेही थोडे सांगते. लिहून घेणाऱ्या शिपाई बाई सगळे लिहीत आहेत, बिचाऱ्या.

माझ्याकडे कोळशावर भाजलेली कोंबडी, बिअर व रम मिळते. कोपऱ्यात गाण्याचे मशीन आहे. नाणे टाकायचे, पडद्यावर शब्द येतात तसे गायचे, शेवटी मशीन तुतारी वाजवून शंभरपैकी गुण दाखवते. आमच्या गल्लीत अशी अकरा मशिने आहेत आणि गल्लीतली निम्मी डोकी या गुणांपायी फुटलेली आहेत. कोणाला कमी पडले की शेजारच्या टेबलावरचा कोणीतरी हसतो, की झाली सुरुवात.

नगरपालिकेने उपाय केले, नाही असे नाही. काचेचे ग्लास बंद करून प्लॅस्टिकचे आणायला लावले. लोक खुर्च्या उचलू लागले. खुर्च्या साखळीने बांधायला लावल्या, तर लोक साखळ्या सोडवून त्या फिरवू लागले. मग भिंतीवर 'संयम पाळा' असा पत्र्याचा फलक लावला. तो कोणाच्या डोक्यात बसला ते चौकीच्या दप्तरात आहे.

सहा वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाला मशीनने एकसष्ट गुण दिले. माझा धाकटा भाऊ रेनान्ते हसला. त्याला हसायची सवय होती. त्या माणसाने बाटली टेबलावर फोडली. रेनान्ते दवाखान्यापर्यंत पोचला नाही. तो जबाबही मी याच खोलीत दिला होता, खुर्ची तेवढी बदललेली दिसते.

यंदा १० फेब्रुवारीला मशीन बंद पडले म्हणून रेडिओवाला नोनोय याला बोलावले. पाठीमागचे झाकण उघडून तो हसतच सुटला. म्हणाला, "ताई, हे कोणाचं ऐकतच नाही गं! मनाला येईल तो आकडा फेकतंय. तू गा नाहीतर घोर, त्याला काय!" मी म्हणाले, "सूर मोजत नाही?" तो म्हणाला, "कसला सूर नि कसलं काय! माइकची तार तिथपर्यंत जातच नाही."

मी मोरीत जाऊन उभी राहिले. किती वेळ, ते सांगता येणार नाही.

बाहेर येऊन नोनोयला म्हणाले, "मेल्याला कायमचे अठ्ठ्याण्णव टाकायला लाव. सगळ्यांना." तो म्हणाला, शंभर का नाही? मी म्हणाले, शंभर मिळाले की माणूस समाधानाने घरी जातो, मग मी काय माशा मारू? अठ्ठ्याण्णव मिळाले की आणखी एक गाणे म्हणतो.

तेव्हापासून माझ्याकडे दोनच भांडणे झाली, एक कुत्र्यावरून आणि एक सुनेवरून. गुणांवरून एकही नाही. अठ्ठ्याण्णव मिळालेला माणूस दिसेल त्याला मिठी मारतो. मिठ्यांचा वैताग येतो, पण टाके घालावे लागत नाहीत.

काल शनिवारी संध्याकाळी साडेसातला तक्रारदार क्रिसांतो आले. ते चर्चमध्ये लग्नांना गातात. गळा खरोखर गोड आहे, हे मी शपथेवर सांगते. त्यांना अठ्ठ्याण्णव मिळाले, त्यांनी चारी बाजूंना वाकून नमस्कार केला. लगेच मासेवाला एलपिदियो उठला. एलपिदियो गायला लागला की माझी मांजर रस्ता ओलांडून पलीकडे जाते. त्यालाही अठ्ठ्याण्णव! तक्रारदारांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी नाणे टाकून माइक टेबलफॅनसमोर धरला. पंख्याला अठ्ठ्याण्णव मिळाले. लोकांनी पंख्यालाही टाळ्या दिल्या, कारण तोवर बिअरची चौथी फेरी झाली होती.

तक्रारदार म्हणाले, "ताई, पंखा आणि मी सारखेच?" मी म्हणाले, "पंख्याने तक्रार केली नाही." हे मी बोलायला नको होते. त्यावर ते चौकीत आले. बाटलीला हात न लावता आले, एवढे कृपया नोंदवावे.

मशीन रात्रीपासून चौकीच्या कोठारात आहे. सार्जंट पानिसालेस म्हणतात, ते पहिल्यासारखे करूनच परत देणार, कायदा तो कायदा. माझे म्हणणे असे की पहिल्यासारखे झाले की येत्या शनिवारी कोणाला तरी एकसष्ट मिळतील आणि कोणाचा तरी भाऊ हसेल. मला फरशीवरचे रक्त पुन्हा पुसायचे नाही.

आज मी आले तेव्हा तक्रारदार बाहेर बाकावर होते. शनिवारपासून त्यांना एकट्याला नव्व्याण्णव मिळतील, नोनोय वेगळे बटण बसवेल, असे आमच्यात ठरले. त्यांनी तक्रार मागे घेतली. तरीही सार्जंटसाहेब मशीन सोडायला तयार नव्हते.

विचारल्यावरून सांगते की, होय, १० फेब्रुवारीपासून सरसकट सगळ्यांना.

विचारल्यावरून सांगते की, होय, २ मार्चलाही.

२ मार्चला सार्जंटसाहेबांच्या मुलीच्या बाप्तिस्म्याचे जेवण माझ्याकडे होते. त्यांनी दोन गाणी म्हटली. पडद्यावरच्या गुणांसह काढलेला त्यांचा फोटो आत्ता त्यांच्या डोक्यामागे चौकटीत लावलेला आहे. येत्या शुक्रवारी मोठ्या साहेबांसमोर त्यांचे गाणे ठेवलेले आहे, असे शिपाई बाई सांगतात. यानंतर सार्जंटसाहेब खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. किती वेळ, ते सांगता येणार नाही. त्यांचा चहा निवला.

पुन्हा विचारल्यावरून, नीट आठवून सांगते की, २ मार्चला संध्याकाळी पाच ते सात मशीन ऐकत होते. माइकची तार त्या दिवशी तिथपर्यंत गेली होती. सात वाजता परत निघाली. हे मी राजीखुशीने सांगत आहे, माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. मशीन आहे तसे, हात न लावता, आजच टेम्पोने घरी पोचवण्याचे सार्जंटसाहेबांनी कबूल केले आहे. टेम्पोही तेच देत आहेत.

हा जबाब सार्जंटसाहेबांनी स्वतः उभे राहून, घसा साफ करून मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच आहे. वाचनाला माझ्याकडून अठ्ठ्याण्णव.

सही: फेलिसिदाद पालमारेस