आभाळाची गोधडी आणि आमचा राब

आजच्या सभेचे अध्यक्ष आदरणीय सावळेरामभाऊ, मुख्याध्यापक सर, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, जिथे बसायचं त्या खुर्चीवर न बसता अजूनही मुलांना पाणी मिळालं का ते बघणाऱ्या आपल्या भूगोलाच्या आबेदा मॅडम, पहिल्या रांगेत अवघडून बसलेले त्यांचे यजमान वजीरभाई, आणि मे महिन्याच्या उन्हात वाड्यावस्त्यांवरून चालत आलेल्या माझ्या मायबहिणींनो, बांधवांनो,

मी काही वक्ता नाही. याच तळेघरात सातवीपर्यंत शिकलो आणि भातशेतीला लागलो. त्यामुळे मॅडमच्या गौरवाचे मोठे शब्द माझ्याकडे नाहीत. एक सकाळ आहे, ती सांगतो.

चार वर्षांमागची, फाल्गुनातली. मी बांधावरच्या ऐनाच्या झाडावर चढून राबासाठी फांद्या तोडत होतो. जुन्नर-मंचरहून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगतो, आमच्याकडे भाताचं रोप टाकायची जागा आधी भाजून घेतात. शेणाचा थर, त्यावर फांद्या आणि पालापाचोळा, वर माती, आणि उन्हाळ्यात पेटवून द्यायचं. तणाचं बी जळतं, राख मातीत मिसळते, रोप जोमानं येतं. हाच राब. माझ्या आज्यानं केला, बापानं केला, मीही करत होतो. तेवढ्यात खालच्या वाटेनं मॅडम शाळेकडे निघालेल्या दिसल्या.

मी वरून ओरडलो, "मॅडम, लांबून जावा, फांदी पडंल!"

त्या थांबल्या, झाडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "भिमाजीभाऊ, दुपारी जरा शाळेत येता का? आणि येताना घरातल्या गोधड्या घेऊन या."

मला वाटलं, शाळेत कुणी साहेब मुक्कामाला येणार असतील. घरी गोधड्या काढायला लागलो तर आमची आई, सारजाबाई, दारातच उभी. "कुणाला रं?" म्हटलं, मॅडमला. "थंडी तर सरली की! आन् त्यांच्या जुन्नरात पांघरुणं मिळंनात व्हय?"

आई तिकडे बायकांत बसली आहे. हसते आहे, म्हणजे आठवतं तिला.

शाळेत गेलो तर मॅडमनी मला आठवीच्या वर्गासमोर खुर्चीवर बसवलं आणि एक गोधडी अंगावर टाकली. "थंडीत कसं वाटेल?" म्हटलं, ग्वाड वाटंल. मग दुसरी टाकली. मग तिसरी. वर पत्रा तापलेला. "आता कसं वाटतं, भाऊ?" म्हटलं, "मॅडम, आता मला घरी जाऊ द्या." सगळा वर्ग लोळून हसला.

मग त्या मुलांना म्हणाल्या, पृथ्वीच्या अंगावर हवेची अशीच एक गोधडी आहे. ती मुळीच नसती तर ही धरती गोठून गेली असती. ना भात, ना नाचणी, ना आपण. पण माणूस जमिनीतला कोळसा आणि तेल उपसून जाळतो आहे, रानं तोडतो आहे. त्यातून जो वायू निघतो तो डोळ्यांना दिसत नाही, पण वर साठत राहतो. उन्हाची ऊब आत येते आणि बाहेर पडताना अडते. गोधडीवर गोधडी चढते आहे.

कोळसा म्हणजे काय, तर कोट्यवधी वर्षांपूर्वीची रानं. जमिनीत मुरायला त्यांना युगं लागली आणि आपण ती दोन-चार पिढ्यांत चुलीत घातली! आणि मॅडम म्हणाल्या, दक्षिण ध्रुवावरच्या बर्फात बारीक बुडबुडे आहेत, त्यांत लाखो वर्षांपूर्वीची हवा जशीच्या तशी कोंडून आहे. शास्त्रज्ञ ती काढून तपासतात.

मंडळी, मी लहानपणापासून भीमाशंकराला चालत जातो. देव मोठा आहे, असं म्हणतही आलो. पण किती मोठा, याचा विचार कधी केला होता का? माणूस जन्माला यायच्या आधीचा श्वास ज्यानं बर्फात जपून ठेवला आणि सगळ्या जीवांना पुरेल एवढीच ऊब बेतून गोधडी शिवली, त्याच्यापुढे मी त्या दुपारी वर्गातच मनोमन हात जोडले. घामानं निथळत होतो, ते वेगळं.

तरी एक शंका होती, ती विचारली. "मॅडम, मंग आमच्या राबाच्या धुरानं जग तापतंय का?"

दुसरं कुणी असतं तर हो म्हणून मोकळं झालं असतं. मॅडम म्हणाल्या, "नाही, भाऊ. तुमचा धूर त्यात मोजण्याइतकाही नाही. मोठ्या शहरांचा, कारखान्यांचा, गाड्यांचा आहे. पण त्याचा ताप तुम्हाला मात्र होणार. पाऊस बिघडत जाईल. तो झेलायला डोंगरावर झाडं हवीत."

पाऊस बिघडतो आहे, हे तुम्हाला काय सांगू? पूर्वी आठ-आठ दिवस संथ लागून राहायचा. आता एका दिवसात शेताच्या ताली, बांध फोडून जातो आणि मग रोपं पिवळी पडेपर्यंत तोंड दाखवत नाही. हिरड्याला मोहोर यावा तर अवकाळी येऊन झोडपतो. आणि आपली देवराई बघा. तिथली काडीसुद्धा आपण मोडत नाही, वनदेवाची म्हणून. तिच्या पायथ्याचा झरा वैशाखातही वाहतो. आमच्या बाजूचा उतार राबासाठी वर्षानुवर्षं छाटलेला, तिथला झरा होळीलाच आटतो. मनात आलं, देवाचं रान काय तेवढंच?

पण राब सोडायचा कसा? रोप गेलं की वर्षाचं खाणं गेलं. पहिल्या वर्षी एका कोपऱ्यात गादीवाफा केला, शेणखत घातलं, भाजलं नाही. तण असं माजलं की आई म्हणाली, "गवताची शेती छान जमली रं तुला!" पुढल्या वर्षी मी आणि अंबाबाई, म्हणजे आमची मंडळी, दोघांनी हातानं तण काढलं. रोप आलं, पण कोपऱ्यापुरतंच. बाकी राब दरवर्षी पेटतच राहिला. सावळेरामभाऊ मला म्हणाले, "राव, तुझ्या एका वाफ्यानं आभाळ गार व्हणार हाय का?"

अध्यक्षसाहेब, नाही होणार. पण मी रोज संध्याकाळी देवापुढे निरांजन लावतो, ते काय जगातला अंधार जावा म्हणून? आपल्या हातानं जेवढं व्हावं तेवढं व्हावं, एवढंच.

यंदा मी ऐनावर चढलो नाही. सगळी जागा गादीवाफ्यांची केली. अडचण एकच उरली होती. बियाण्याची कणगी आईच्या ताब्यात, आणि ती म्हणत होती, न भाजलेल्या मातीत माझं बी घालणार न्हाई. काल संध्याकाळपर्यंत हेच.

आज सकाळी मी वाफ्यावर गेलो, तर आई बियाण्यानं भरलेलं सूप घेऊन आधीच तिथे. पानांनी भरलेल्या त्या ऐनाच्या सावलीत बसलेली. म्हणाली, "घाल. न्हाई उगवलं तर समदी जुन्नरला तुझ्या मॅडमच्या घरी जेवाय जाऊ."

तेव्हा वजीरभाई, तयारीत राहा.

मॅडम, गावानं तुम्हाला शाल दिली, श्रीफळ दिलं. माझ्याकडे देण्यासारखं तेवढंच आहे, ते शेतात ठेवून आलो आहे. आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल मी ऋणी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सभेनं पोटात घालावं, आणि वाफ्यात काही चुकलं असेल तर आईनं. सगळं बी पेरून, हात धुऊन, तसाच इथे आलो आहे.