खुर्ची कुणी उचलली?

...आणि वर ती हॉस्पिटलच्या काउंटरवरची पोरगी मलाच विचारते, "काका, बर्फावरून घसरलात का?" घसरलो म्हणे! अहो, चौसष्ट वर्षं या शिकागोत काढली, त्यातली एकतीस खांद्याला टपालाची पिशवी लावून याच बर्फातून दारोदार हिंडलो, घसरायला मी काय ह्यूस्टनचा आहे? फावड्याने मोडलंय हे हाड. बर्फ उपसायच्या फावड्याने. मारणारी बाई चौऱ्याहत्तर वर्षांची, आणि तुम्हाला सांगतो, ती माझ्या बाजूने लढत होती. जरा सरका तिकडे, हात लागतो. आपला कुणाचाच नंबर काही तासाभरात लागत नाही, तेव्हा ऐका. फक्त शिकागो बरं की ह्यूस्टन बरं, एवढं मला विचारू नका.

त्या वादानेच तर हे झालंय. माझी बायको लोरेटा, तिचे गुडघे गेलेले. डिसेंबर लागला की जिना उतरताना प्रत्येक पायरीला एकेका संताचं नाव घेते. तिची धाकटी बहीण जोआन ह्यूस्टनला दिलेली, आणि तिच्या शेजारचं घर रिकामं झालं. झालं, रोज फोन. "लोरेटा, इथे जानेवारीत खिडक्या उघड्या असतात गं." मी म्हटलं, मी नाही येणार. ज्या घरात जन्मलो त्याच्यापासून चार दारं सोडून राहतो, मेलो तर पाचव्या दारात मरेन. तर जानेवारीत एका गुरुवारी लोरेटा भांडी पुसता पुसता शांतपणे म्हणाली, "रविवारपर्यंत काय ते सांग, लेन. येत असशील तर ये, नाहीतर मी एकटी जाते." भांडी पुसत होती हो. चाळीस वर्षांचा संसार, आणि हातातली बशीसुद्धा खाली ठेवली नाही तिने.

आणि शनिवारी सकाळी साडू हजर! जोआनचा नवरा, क्लेटन टिडवेल. लोरेटाचं शिवणाचं मशीन न्यायला आलाय म्हणे, अकराशे मैल ट्रक हाकत. ट्रक कसला, चाकांवरचं घरच ते. आदल्या दिवशी गुडघाभर बर्फ पडलेला, बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आणि हा पठ्ठ्या पातळ जाकिटात, पायात ते टोकदार बूट, येऊन बसला माझ्या स्वयंपाकघरात आणि सुरू. "लेन, माणसं राहतात का रे अशा ठिकाणी? आमच्याकडे आज मी अर्ध्या चड्डीत गवत कापलं असतं." मी म्हटलं, काप की, मधे मधे डास पण काप. तो म्हणतो, "आमच्या घरात तुझी तीन घरं मावतील." मी म्हटलं, आणि पूर आला की तिन्ही तरंगतील. तो म्हणतो, "आमच्याकडे मोकळी जागा बघ!" मी म्हटलं, तेच म्हणतोय, पाव आणायचा तर हायवे पकडावा लागतो तुम्हाला, माझी बेकरी सहा दारांवर, चर्च कोपऱ्यावर, दारूचा बार चर्चच्या समोर. माणसाला आणखी काय लागतं? लोरेटा मधे उभी, याला सॉसेज वाढ, मला कॉफी ओत.

मग तो हसत हसत म्हणतो कसा, "पण एक मानलं, जागा मिळाली बरं का ट्रकला, अगदी तुझ्या दारासमोर. कुण्या वेड्याने रस्त्यात खुर्ची मांडून ठेवलेली, दिली भिरकावून बर्फात."

माझा काटा तोंडाशी थांबला. लोरेटाच्या हातून किटली सुटली.

या बाई इथल्या नाहीत वाटतं? मग सांगतो. आमच्या गल्लीत बर्फ पडला की गाडीपुरती जागा ज्याची त्याने उपसायची. तीन-तीन तास लागतात, कंबर मोडते. आणि गाडी घेऊन बाहेर जायचं तर तिथे आपली खुर्ची मांडून जायचं. मोडकी, तुटकी, कसलीही. ती जागा त्याची. कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, पण चर्चमधली मूर्ती हलवली तर चालेल एक वेळ, ती खुर्ची हलवायची नाही. आणि ही खुर्ची आमच्या शेजारच्या कुहार्स्कीबाईंची. एकटी विधवा बाई, आदल्या दिवशी चार तास उपसत होती, मी मदतीला गेलो तर मला हाकललं. म्हणून सांगतो, शिकागो बरं की ह्यूस्टन बरं, मला विचारू नका, आधी खुर्चीला हात लावू नका!

मी म्हटलं, "क्लेटन, ऊठ. आत्ताच्या आत्ता ट्रक काढ." तो म्हणतो, "रस्ता काय तिच्या बापाचा आहे?" आणि सॉसेजवर केचप ओततोय, शांतपणे, चर्चमध्ये तीर्थ शिंपडावं तसा. तेवढ्यात बाहेर काच फुटल्याचा आवाज.

खिडकीतून बघतो तर कुहार्स्कीबाई. ओरडणं नाही, शिव्या नाहीत. गाडी रस्त्यातच उभी केली, डिकीतून फावडं काढलं आणि ट्रकचा एक दिवा फोडला. मग दुसरा. मग बॉनेटवर चढून समोरची काच. क्लेटन धावला, "ए म्हातारे, वेड लागलं का तुला!" त्याने म्हातारी म्हणायला नको होतं. फावडं फिरलं आणि असं बसलं कानाखाली, की माणूस जागच्या जागी गिरकी घेऊन बसला. उठला तो खुर्चीचा मोडका पाय हातात घेऊन. समोरचा रमीरो, एरवी नमस्कारालासुद्धा मान हलवत नाही, तो तळघरातून बादली भरून आला आणि ओतली याच्या डोक्यावर, त्या थंडीत! मिशीचं पाणी हनुवटीपर्यंत पोचायच्या आत गोठलं. आणि हा तसाच खुर्चीचा पाय फिरवतोय, रमीरोच्या गुडघ्यावर एक, बाईंच्या फावड्यावर एक, खण्ण, खण्ण. बर्फावर रक्ताचे थेंब. कुणाचे ते कळेना.

मी सोडवायला गेलो, शपथेवर सांगतो. काही झालं तरी साडू. मागून कवेत आवळला, म्हटलं, बाबा रे, माफी माग आणि मोकळा हो. तर तो थुंकला, दात पडला त्यातून, आणि म्हणतो, "जंगली आहात तुम्ही सगळे. लोरेटाला मी आजच घेऊन जातो. तू बस इथे कुत्र्यासारखा एकटा गोठत."

एकटा म्हणाला हो तो.

मग मला काही दिसलं नाही. दिली ठेवून. नाकाचं हाड माझ्या बोटांना कळलं. लोक म्हणतात, लेनने खुर्चीसाठी मारलं, लेनने शिकागोसाठी मारलं. कसली खुर्ची आणि कसलं शिकागो! दोन रात्री झोपलो नव्हतो मी, ती बशी पुसल्याचा आवाज कानात होता. त्याने माझ्या पोटात गुडघा घातला, मी त्याचा कान धरून पिळला, दोघे लोळतोय बर्फात, साठी उलटलेले दोन बैल, आणि वर कुहार्स्कीबाई फावडं उगारून, "लेन, बाजूला हो, लेन, बाजूला हो!" बाजूला कुठे होऊ, त्याचे दात माझ्या मनगटात! तिने नेम धरला, ऐन वेळी त्याने डोकं काढलं, आणि तिथे माझा खांदा होता. काडकन. त्याला म्हणतात घरचा आहेर.

पोलीस आला. आमच्याच भागात वाढलेला दिसत होता. फुटका ट्रक बघितला, टेक्सासची नंबरप्लेट बघितली, नाकातून गळणारा माझा साडू बघितला, आणि एकच प्रश्न विचारला, "खुर्ची कुणी उचलली?" सगळ्यांची बोटं क्लेटनकडे. पोलिसाने वही मिटली, क्लेटनकडे वळला. म्हणाला, "साहेब, जपून चालत जा. इथे बर्फ फार निसरडा असतो."

मग इथे, याच हॉस्पिटलात, लोरेटा माझ्या उशाशी. आधी माझं पांघरूण नीट केलं. मग म्हणाली, "का मारलंस रे त्याला?" मी म्हटलं, तुला घेऊन जातो म्हणाला. तिचा चेहरा असा झाला, आणि रडायलाच लागली. म्हणते, "अरे मूर्खा, मी एकटी कशाला जाईन? तुला घाबरवत होते. शुक्रवारी सकाळीच जोआनला सांगितलं होतं, हा हलत नाही, ते जुनं मशीन पडून आहे तेवढं घेऊन जा."

ऐकलंत? नुसता गप्प बसलो असतो, सॉसेज खाल्लं असतं, तर जिंकलो होतो. बसल्या जागी, अख्ख्या हाडांनिशी जिंकलो होतो! मी तिचा हात धरला, म्हटलं, चला, मिटलं, आता इथेच राहू. आणि नेमका तेव्हा डॉक्टर आत आला, एक्स-रे उजेडावर धरून. म्हणतो, "हाड जुळेल, पण थंडीत ठणकणार. जन्मभर. जमत असेल तर एखाद्या गरम गावी राहायला जा." लोरेटाने डोळे पुसले आणि पर्समधून फोन काढला.

म्हणून आज शेवटचं दाखवायला आलोय. उद्या निघायचं. शिकागो बरं की ह्यूस्टन बरं, नकाच विचारू. मला एका हाताने गाडी चालवता येत नाही, लोरेटाला हायवेची भीती, तेव्हा न्यायला कोण आलंय? क्लेटन. नवी काच बसवलेला ट्रक घेऊन. लोरेटा मागच्या सीटवर पाय पसरून झोपणार, आणि मी पुढे, त्याच्या शेजारी, अकराशे मैल, ह्यूस्टनचे गुण ऐकत. इथे गाडीचं स्टीअरिंग डावीकडे, आणि मोडलाय तोही डावाच खांदा, म्हणजे बरोब्बर त्याच्या बाजूचा, साधी कोपरखळी मारायचीसुद्धा सोय नाही!