जानेवारी नसलेला धंदा

लोइस: पण टेबलावर चढायची काय गरज होती?

एल्डन: मागच्यांना ऐकू जावं म्हणून. दोन्ही दारं सताड उघडी, वर पंखे, प्रत्येकाच्या तोंडाला मास्क. या करोनाच्या वर्षी खाली कारखान्यात चार शब्द बोलायचे म्हणजे घसा फाडावा लागतो.

लोइस: तुझे वडील कधी टेबलावर चढले नाहीत. वीस वर्षं त्यांच्याकडे पगार लिहिले मी, मग चौदा वर्षं तुझ्याकडे.

एल्डन: चांगली बातमी होती, लोइस. म्हटलं, ताठ उभं राहून सांगावी.

लोइस: काय सांगितलंस? नेमके शब्द. उद्या दुपारी बावीस जणांचे चेक लिहायचेत मला.

एल्डन: सांगितलं की वॉशिंग्टनहून सवलत आलीय. म्हातारपणाच्या पेन्शनसाठी पगारातून शंभराला सहा डॉलर वीस सेंट कापतात ना, ते मालकाची तयारी असेल तर डिसेंबरअखेरपर्यंत कापायचे नाहीत. म्हटलं, माझी तयारी आहे. या शुक्रवारपासून पाकीट जाड.

लोइस: मग?

एल्डन: मग टाळ्या. हातमोजे घातलेल्या हातांच्या, पण वाजवल्या त्यांनी.

लोइस: हे पैसे परत करायचे आहेत, ते सांगितलंस?

एल्डन: म्हणालो ना. ‘पुढचं पुढे बघू’ म्हणालो.

लोइस: पुढचं पुढे बघू.

एल्डन: तुम्ही माझंच वाक्य मला परत वाढून देता ना, तेव्हा मला चौथीच्या वर्गात बसल्यासारखं वाटतं.

लोइस: चौथीत तू बरा होतास. बस इथे. हा कागद घे, दुसरं पान. मोठ्याने वाच.

एल्डन: चष्मा गाडीत राहिलाय.

लोइस: मग ऐक. कपात माफ नाही, पुढे ढकललीय. या वर्षी जी कापली नाही ती जानेवारी ते एप्रिलमध्ये त्याच माणसाच्या पगारातून मालकाने वसूल करायची. नेहमीची कपात चालूच, ही तिच्यावर आणखी. आणि वसूल झाली नाही, तर सरकार मालकाला धरणार. व्याज, दंड, सगळं.

एल्डन: चार महिने आहेत की. थोडं थोडं कापू.

लोइस: कशातून?

एल्डन: पगारातून.

लोइस: कुणाच्या?

एल्डन: आपल्याच लोकांच्या. काय विचारताय? खाली बावीस जण तारेच्या कड्याला फरच्या झाडाचे शेंडे बांधतायत, ते काय हवेतून आलेत?

लोइस: एल्डन, आपण नाताळचे हार करतो. बारा डिसेंबरला शेवटचा ट्रक जातो. त्या संध्याकाळी मी बावीसच्या बावीस जणांच्या हातात शेवटचा चेक ठेवते, तुझी बायको प्रत्येकाला भोपळ्याची एकेक गोड पेस्ट्री देते, आणि आपण कुलूप लावतो. जानेवारीत या इमारतीत असतं कोण? तू, मी आणि उंदीर.

एल्डन: मी विसरलो कसा हे?

लोइस: रेडिओवर ऐकलंस ना. रेडिओवर बोलणाऱ्यांच्या धंद्याला जानेवारी असतो.

एल्डन: पण लोक म्हणतायत, पुढे सरकार ते माफच करून टाकेल.

लोइस: म्हणणाऱ्याचं नाव-पत्ता दे. एप्रिलमध्ये त्याच्याच नावे पाठवते बिल. एल्डन, मी हिशेब मांडलाय. सहा आठवड्यांत पन्नास हजार हार, दीड डॉलरने पंच्याहत्तर हजारांची मजुरी. त्यातली न कापलेली रक्कम साडेचार हजारांच्या वर जाते.

एल्डन: मग मी घरोघर जाऊन घेईन. सगळे ओळखीचे आहेत.

लोइस: ओळखीचे आहेत म्हणूनच सांगतेय.

एल्डन: तुम्ही त्यांचे चेहरे बघितले नाहीत काल. ऑगस्टमध्ये ब्लूबेरीच्या वेचणीला निम्मीच माणसं घेतली. हॉटेलं बंद, त्यामुळे शिंपल्यांना भाव नाही. या लोकांना पैसे आज हवेत, लोइस. एप्रिलमध्ये नाही, आज. ते काही चैन करणार नाहीत.

लोइस: ते मला कळत नाही असं वाटतं तुला? आज सगळ्यात जास्त गरज ज्याला आहे तो सगळ्यात आधी हात वर करेल. जानेवारीत परत करायला सगळ्यात कमी त्याच्याकडेच असेल.

(दारावर टकटक. हार बांधणारी कोरीन बील उंबऱ्यापाशीच थांबते. तिच्या स्वेटरला फरच्या सुया चिकटल्या आहेत.)

कोरीन: आत येत नाही, झाडाचा चीक लागलाय बुटांना. लोइस, एक चिठ्ठी लिहून द्याल? माचायस गावातल्या दुकानदाराला कागद हवाय, मला आठवड्याला किती जास्त मिळणार त्याचा.

लोइस: कोणता दुकानदार?

कोरीन: टॅबलेटवाला. मोठ्या पडद्याचा घेतेय, आईसाठी. हप्त्याने. पहिला हप्ता शुक्रवारी. काल एल्डननी सांगितलं आणि जेवणाच्या सुट्टीत फोनच केला मी त्याला.

एल्डन: तुझी आई अजून वृद्धाश्रमातच आहे ना?

कोरीन: मार्चपासून काचेपलीकडे. मी बाहेर गवतात उभी राहते, ती आत खुर्चीत. तोंडावर हा मास्क. गेल्या रविवारी तिने नर्सला विचारलं, ही बाई रोज कशाला येते? नर्स म्हणाली, एखादा मोठा टॅबलेट आणा, मास्क काढून घरून बोला, कदाचित ओळखेल. तर किती होतील जास्त? मी आठवड्याला पाचशे हार बांधते, तुम्हाला माहितीच आहे.

लोइस: साडेसातशे डॉलरवर साडेसेहेचाळीस.

कोरीन: झालं तर. हप्ता पंचेचाळीसचा आहे. सहा आठवड्यांत फिटतो.

लोइस: एल्डन.

एल्डन: हं.

लोइस: तू सांगतोस, की मी सांगू?

एल्डन: कोरीन, काल मी जे म्हणालो, त्यात थोडं… म्हणजे ते खरं आहे, मिळतात पैसे. पण त्याला एक शेपूट आहे.

कोरीन: केवढं?

एल्डन: जेवढे मिळतात तेवढंच. जानेवारीत परत करायचे असतात. पगारातून.

कोरीन: कोणत्या पगारातून?

लोइस: बघ. हिला चष्मा लागला नाही.

कोरीन: जानेवारीत मला मिळतो तो बेकारभत्त्याचा चेक. माझा नवरा वेड किनाऱ्यावर शिंपले खणतो म्हणावं, तर चिखल गोठला की त्याचं फावडंच आत जात नाही. माझ्याकडे कुठून येणार दोनशे ऐंशी डॉलर?

एल्डन: म्हणूनच म्हणतोय, मी येईन की घरी. घाई करणार नाही. वीस-वीस करून दे. नाही जमलं तर राहू दे.

कोरीन: माझ्या घरी याल? पैसे मागायला?

एल्डन: मागायला असं नाही…

कोरीन: एल्डन, माझ्या लग्नात तुम्ही व्हायोलिन वाजवलंत. वेडची बोट बुडाली तेव्हा तुमची गाडी रोज मदतीला आमच्या दारात उभी राहिली, दोन आठवडे. अजून तुमची गाडी वळणावर दिसली की पोरं आधी धावतात. जानेवारीत ती गाडी दिसली की मी काय करेन, सांगू? स्वयंपाकघरातला दिवा घालवेन आणि पोरांना म्हणेन, आवाज करू नका.

एल्डन: तू असं करणार नाहीस.

कोरीन: करेन. माझ्या बापाने केलंय, मी त्याच्यासोबत अंधारात बसलेय. म्हणून सांगते, माझं नाव त्यातून काढा. दुकानदाराला मी फोन करते.

लोइस: थांब जरा. फोन करू नकोस अजून.

कोरीन: का?

लोइस: कारण या माणसाने अजून पुरतं सांगितलेलं नाही. एल्डन, तुला ही सवलत एवढी का आवडली, ते सांग तिला.

एल्डन: लोकांना मदत व्हावी म्हणून.

लोइस: तो अर्धा भाग झाला.

एल्डन: लोइस, नको ना.

लोइस: तू सांगितलं नाहीस तर मी सांगेन, आणि माझ्या तोंडून ते आणखी वाईट ऐकू येईल.

एल्डन: गेल्या वर्षी बोस्टनच्या त्या दुकानाने ऐन वेळी आठ हजार हार नाकारले. तेव्हा मी तुमचा दर हारामागे दहा सेंटांनी कमी केला. एक साठचा दीड. म्हणालो होतो, एका हंगामापुरता.

कोरीन: हो. म्हणाला होतात.

एल्डन: यंदाही दीडच लावला. फलकावर तोच आकडा लिहिला. मग रेडिओवर ही सवलत ऐकली. वाटलं, सुटलो. शंभराला सहा मिळतील, तुमचे ते दहा सेंट जवळजवळ भरून निघतील, आणि माझ्या खिशातून काही जाणार नाही. म्हणून चढलो टेबलावर. लाज वाटते सांगायला.

कोरीन: मला वाटत होतं, तुम्ही विसरलात.

एल्डन: एक दिवस नाही विसरलो.

कोरीन: आम्ही आपसात तेच म्हणायचो. एल्डन वाईट नाही, त्याच्या लक्षात नाही. आठवण कोण करून देणार म्हणून गप्प बसलो. लक्षात होतं हे ऐकून आता मला बरं वाटतंय की वाईट, तेच कळत नाही.

लोइस: दोन्ही वाटू दे. आता माझं ऐका. एल्डन, टपाल मी उघडते, तू नाही. यंदा घरगुती ऑर्डरी गेल्या वर्षीच्या दीडपट आहेत. ज्यांना आईकडे जाता येत नाही ते तिच्या दाराला लावायला हार पाठवतायत. प्रत्येक ऑर्डरीत चिठ्ठी आहे. मी दोन-तीन वाचल्या आणि मग वाचणं बंद केलं.

एल्डन: ऑर्डरी आहेत, पण खोकी महागलीत. कुरियरवाल्यांनी दर वाढवलेत. आणि यंदा छपराचं काम काढायचं होतं. त्यासाठीच थोडे बाजूला ठेवलेत.

लोइस: किती?

एल्डन: सहा हजार.

लोइस: पन्नास हजार हार, हारामागे दहा सेंट. पाच हजार. वर आपल्या वाट्याचा कर, साधारण चारशे.

एल्डन: म्हणजे छप्पर गेलं.

लोइस: सवलत घेतलीस तर ते साडेचार हजार वसूल करायला तू कुणाच्या दारात जाणार नाहीस. मी तुला ओळखते. पहिल्याच घरी कॉफी पिशील, पोरांशी खेळशील आणि हात हलवत परत येशील. पैसे तुझ्याच खिशातून जायचेत. फक्त तोपर्यंत बावीस घरांतले दिवे मालवलेले असतील. त्यापेक्षा आज दे. उजळ माथ्याने दे.

कोरीन: लोइस, त्यांच्यावर एवढं चढू नका. छप्पर आमच्याही डोक्यावरचं आहे. ते गळतं तेव्हा माझ्याच टेबलावर गळतं.

एल्डन: तुझ्या टेबलावर? बोलली नाहीस कधी.

कोरीन: बादली ठेवते. चालतं.

एल्डन: अजून एक हिवाळा चालेल?

कोरीन: बादली दुसरी द्या, मोठी. मग चालेल.

एल्डन: लोइस, उद्याचे चेक एक साठने लिहा.

लोइस: हंगामाच्या पहिल्या हारापासून?

एल्डन: पहिल्या हारापासून. आणि कपात नेहमीसारखी. ते सवलतीचं पान फाडा.

लोइस: फाडायचं कशाला? फाईलला लावते. पुढच्या वेळी टेबलावर चढलास की वाचून दाखवीन.

कोरीन: पाचशेला पन्नास होतात ना? कापून किती?

लोइस: पेन्शन आणि आरोग्याचे कापून सेहेचाळीस डॉलर आणि थोडी चिल्लर.

कोरीन: म्हणजे होते तेवढेच.

लोइस: तेवढेच. पण हे तुझे. चिठ्ठीत पन्नास जास्त असं लिहू? दुकानदाराला कपातीशी काय करायचंय.

कोरीन: सेहेचाळीसच लिहा. आहे ते लिहा.

एल्डन: आता खाली जाऊन सांगायला हवं. लोइस, तुम्ही सांगाल? तुमचं ऐकतात सगळे.

लोइस: नाही. पाकीट जाड होणार हे सांगायला तू एकटा गेला होतास.

एल्डन: कोरीन, तू तरी चल बरोबर.

कोरीन: चलते. पण बोलायचं तुम्ही. आणि टेबल नको. खालीच उभे राहा, आमच्यात.

एल्डन: काय म्हणू? दहा सेंट परत देतोय, असं सुरू करू?

कोरीन: ते शेवटी. आधी म्हणा, काल मी चुकीचं सांगितलं. मग म्हणा, गेल्या वर्षीचं माझ्या लक्षात होतं. दहा सेंट आधी सांगितलेत तर पुढचं कुणी ऐकणार नाही.

एल्डन: आणि हसले तर?

कोरीन: हसू द्या. गेल्या वर्षी तुम्ही दर कमी केलात तेव्हा कुणी काहीच बोललं नव्हतं.