‘क्लिअर’ हे विशेषण आहे

— नाही हो, ही काचेची भिंत टेबल सरकवताना फुटली, सांगितलं ना मघाशी? टेबलाचा कोपरा लागला आणि गेली, संपलं. तुम्ही आपलं माप घ्या. बूट काढू नका, पायातच असू द्या — गालिच्यात अजून चुरा आहे. दोनदा झाडला तरी चमकतोच आहे. काय म्हणालात? टेबलाच्या कोपऱ्याने छातीच्या उंचीवर भोक पडत नाही? आणि सगळे तुकडे बाहेरच्या बाजूला कसे? नजर चांगली आहे तुमची. बरं, मग टेबल नव्हतं असं समजा. माणूस होता. पाय घसरला त्याचा. माणसाचा पाय घसरतो की नाही? घसरतो. माझे धाकटे दीर — इथेच बसतात, ती उलटी पडलेली खुर्ची त्यांचीच. उचलू नका, पडू द्या ती.

लागलं ना, लागणार नाही तर काय? उजव्या दंडात हा एवढा तुकडा उभा राहिला होता, कलिंगडात सुरी रोवावी तसा. आणि भावजी त्याच्याकडे बघत बसले, जणू दंड दुसऱ्याच कुणाचा आहे. ‘वहिनी, काढा हो हे,’ म्हणाले. मी काढलं नाही. रुतलेली काच आपण उपटून काढायची नसते, हे मला ठाऊक आहे — पण खरं सांगायचं तर त्यासाठी मी थांबले नव्हते. जाऊ द्या. नवरा त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेला आहे. टाके पडतील, हात गळ्यात बांधतील, आठ-पंधरा दिवस बोट हलवता येणार नाही. बरंच झालं. बरंच झालं म्हणजे — वाईटच झालं. तुम्ही ती खालची पट्टी मोजलीत का?

आमचं काम? आम्ही प्रोग्रॅम लिहितो. जावामध्ये. हसू नका — जावा ही संगणकाची भाषा आहे, माझ्या जावा नव्हेत. मला दीर एकच आणि तोही बिनलग्नाचा, जाऊ येणार कुठून? नवरा, भावजी आणि मी, तिघांचीच कंपनी. आता गावाबाहेरच्या छापखान्यात कागद कापायचं एक यंत्र आहे, त्याचा प्रोग्रॅम आमचा. ते यंत्र पाहिलं आहे का कधी? गठ्ठेच्या गठ्ठे एका घावात. पातं माझ्या हातापेक्षा लांब, आणि खाली येतं तेव्हा त्याचा आवाज होत नाही — कागद सुस्कारा सोडतो, तेवढाच. त्या पात्यासमोर प्रकाशाचा पडदा असतो. डोळ्यांना दिसत नाही, पण हात आत गेला की त्याला कळतं आणि पातं वरच्या वर थांबतं. थांबलं पाहिजे. पूर्वी तारेचा वेगळा ब्रेकही होता. तो सारखा अडतो म्हणून मालकाने काढून टाकला. ‘आता तुमचा प्रोग्रॅम आहे ना!’ आहे की. म्हणजे ते यंत्र चालवणाऱ्या काकांचे दोन हात आणि ते पातं, यांच्यामध्ये आता आम्ही तिघे. दुसरं कुणी नाही.

सगळं आम्हीच लिहिलेलं नसतं, इथेच तर घोळ आहे! तुम्ही खिडकी बसवता तेव्हा चौकट तुमची. पण काच, पुट्टी, बिजागऱ्या बाहेरून आणता ना? तसंच. आम्ही तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेले भाग, बाहेरून घेतो — पडदा वाचणारी एक, पात्याची मोटार चालवणारी दुसरी. आणि प्रोग्रॅमच्या खोल्या पाडतो, मॉड्यूल म्हणतात त्यांना. प्रत्येक खोलीच्या दारावर पाटी: मला कोण कोण लागतं आणि मी कुणाला काय देते. पाटीवर खोटं लिहिलं की जावा सुरूच होत नाही. शिस्तीची बाई आहे. मला आवडते. आता झालं काय, की मोटारवाल्या लायब्ररीने आपल्या पदराखाली पडद्याची जुनी लायब्ररी आणली. आमच्याकडे होती नवी. दोघींच्या पोटात पॅकेज, म्हणजे प्रोग्रॅमचं गाठोडं, एकच, नाव तेच, अक्षरन् अक्षर तेच. एका म्यानात दोन तलवारी! जावाने लाल अक्षरांत सांगितलं: एक पॅकेज दोन मॉड्यूलांत चालणार नाही, आधी निस्तरा, मग मी उठते. बरोबरच सांगितलं. मी निस्तरायला बसले. मोटारवाल्या कंपनीला लिहिलं, नव्या पडद्याशी जुळणारी लायब्ररी मागवली. वेळ लागतो अशा गोष्टींना. सरळ काम करायचं तर वेळ लागतो.

भावजींना कुठला धीर? त्यांनी काय केलं — सगळ्या पाट्या उपटल्या, सगळ्या भिंती पाडल्या, आणि दोन्ही लायब्रऱ्या बाकीच्या सामानासकट एका कोठारात ओतल्या. क्लासपाथ म्हणतात त्या कोठाराला. तिथे जावा काही विचारत नाही. हात घालते आणि जे आधी लागेल ते उचलते. कोणतं आधी लागेल? त्याचा नेम नाही! या संगणकावर नवी लागते, छापखान्यातल्या संगणकावर जुनी. इथे भावजी टाळ्या वाजवतात — ‘चाललं, वहिनी, चाललं!’ — आणि तिथे पातं खाली येतं.

कसं येतं ते सांगते, पट्टी जरा खाली ठेवा. आमचा प्रोग्रॅम पडद्याला एकच शब्द म्हणतो: ‘क्लिअर’. नव्या लायब्ररीत ते विशेषण आहे. म्हणजे प्रश्न — मोकळं आहे का? हात असेल तर उत्तर नाही, आणि पातं वर. जुन्या लायब्ररीत तोच शब्द क्रियापद. आज्ञार्थ. मोकळं कर! मग ती बया काय करते, हाताची जी धोक्याची खूण लागलेली असते ती पुसून टाकते आणि वर मान करून सांगते — हो. केलं. प्रोग्रॅमला वाटतं, हो म्हणजे मोकळं आहे. आणि सोडतो पातं. आलं लक्षात? तोच शब्द, तीच अक्षरं, उत्तरही तेच. एक विचारते आणि दुसरी पुसते. शब्दाची जात न बघता शब्द वापरला की काय होतं, तर मनगट तुटतं.

मनगट नाही तुटलं अजून. दांडा तुटला. चाचणीच्या दिवशी काकांनी गंमत म्हणून लाकडी हातोड्याचा दांडा पडद्यात घातला — चांगला मनगटाएवढा जाड. ‘बघू तुमचं यंत्र किती शहाणं आहे.’ सुस्कारासुद्धा नाही. अर्धा दांडा काकांच्या हातात, अर्धा पलीकडे, आणि कापलेली बाजू अशी गुळगुळीत की बोट फिरवत राहावं. काका हसले. मग त्यांनी तो अर्धा दांडा खाली ठेवला आणि दोन्ही हात काखेत घालून उभे राहिले, थंडी वाजावी तसे. भावजींनी फाइली पुन्हा कॉपी केल्या, पुन्हा दांडा घातला, या वेळी पातं थांबलं. ‘झालं दुरुस्त,’ मालकाला म्हणाले. दुरुस्त कसलं? कोठारातलं सामान हलवलं, म्हणून नवी हाताला आधी लागली. उद्या पुन्हा जुनी लागेल.

आज दुपारपासून ते यंत्र खऱ्या कामाला लावायचं होतं. आणि आज सकाळी माझं पूर्ण झालं — खोल्या जागच्या जागी, पाट्या खऱ्या, जुनी लायब्ररी मुळासकट बाहेर. पेन ड्राइव्हमध्ये घालून भावजींच्या पुढे धरलं. म्हटलं, हा न्या. तर म्हणाले, ‘आता नवा नेला तर मालक म्हणेल आधीचा चुकीचा होता.’ म्हटलं, होताच चुकीचा. ‘वहिनी, एका शब्दासाठी एवढं? व्याकरण शाळेत शिकवा.’ नवरा तिथेच उभा, त्या खांबाशी. म्हणाला, ‘अगं, धाकटा आहे, घे सांभाळून.’ धाकटा! डोक्याला टक्कल पडलं त्या धाकट्याच्या! आणि भावजींनी तो पेन ड्राइव्ह माझ्या हातातून घेतला — मला वाटलं, नेतायत — आणि जमिनीवर टाकून टाचेने चिरडला. झुरळ चिरडावं तसा. टाच फिरवली वर.

मग पाय घसरला? नाही. तुम्हाला ते पटलेलं नाही, दिसतंच आहे मला. टेबलावर कागदाला भोकं पाडायचं ते जड पंचिंग मशीन होतं, ते मी उचललं आणि त्यांच्या खांद्यावर घातलं. त्यांनी माझे केस धरले. हे बघा, इथे, अजून ठणकतंय. नवरा ‘अरे, अरे’ म्हणत राहिला, त्याला तेवढंच येतं. मग मी दोन्ही हातांनी ढकललं. काच मागे आहे हे मला माहीत होतं. तेही सांगून टाकते: उजवा हात काचेकडे होता, हेही माहीत होतं. यंत्र सुरू करायचा पासवर्ड त्यांच्याकडे, सुरू करणारा हात तो. तो हात आज डॉक्टरांच्या टेबलावर राहिला, तर काकांचे दोन राहतात. दोनाला एक, सोपा हिशेब. आणि आवाज! काय सांगू तुम्हाला, केवढं बरं वाटलं. तुमच्या धंद्यात रोज ऐकता, तुम्हाला नसेल वाटत. मला वाटलं, अजून एक भिंत हवी होती काचेची.

असं बघू नका माझ्याकडे. मी वेडी नाही. वहिनी आहे मी त्यांची. लग्न होऊन आले तेव्हा गणिताचे पेपर मीच तपासून द्यायचे त्यांचे. काय? कोण भेटलं? जिन्यात? टॉवेल गुंडाळलेला हात — हो, तेच भावजी, आणि चष्मेवाला माझा नवरा. बरं मग? काय म्हणाला नवरा तुम्हाला? पुन्हा सांगा. जसंच्या तसं सांगा, तुमचे शब्द घालू नका. ‘घाई नाही, आम्ही छापखान्यातून आल्यावर काच बघतो’ —

छापखान्यातून.

डॉक्टरांकडून नाही, छापखान्यातून म्हणाला? नक्की? तुम्ही काल नव्हे, आत्ता येताना भेटलात ना? म्हणजे रक्ताचा टॉवेल बांधून नेलं त्याने भावाला. पासवर्ड सांगायला तोंड पुरतं, आणि बटण दाबायला थोरल्याचा हात आहेच की! आणि मी इथे बसून तुम्हाला हिशेब शिकवते आहे. तो हातोडा ठेवा खाली. ठेवा म्हणते ना! माझा फोन — तो तुमच्या पिशवीखाली —

लागतोय. उचला हो काका. यंत्राजवळ उभे असले तर छापखान्याच्या गोंगाटात त्यांना ऐकूच येत नाही. उचला. उचला, काका, देवासाठी — हॅलो? काका? मी बोलते, कंपनीतली बाई. हात कुठे आहेत तुमचे? हात! यंत्रात आहेत की बाहेर? एक फोनला, मग दुसरा? बाहेर काढा. आधी काढा, मग बोला. काढला? सुरू केलं का त्यांनी? किती गठ्ठे झाले? आणि पातं थांबतं का, कुणी तपासलं? दांडा घातला नाही कुणी? भावजी म्हणाले, गरज नाही. बरोबर, त्यांना कशाला गरज? ऐका. भिंतीवरचा मोठा खटका खाली ओढा. ओढलात? आता मालक तो पुन्हा वर करणार — ओरडतायत ना? ऐकू येतंय मला. म्हणून सांगते ते करा. जड पाना आहे जवळ? लोखंडी? तो घ्या आणि यंत्राशेजारचा संगणक फोडा. स्क्रीन नव्हे, खालचा डबा. हो, मी सांगते! माझ्या नावावर फोडा! तुमचा हात हवा की मालकाचा डबा? आणि कुणी मध्ये आलं तर — आलं तर त्यालाही बाजूला करा. कसंही करा.

ऐका, ऐका तुम्हीसुद्धा, या इकडे. हा एक. हा पत्रा वाकला. पुन्हा, काका! थांबू नका, आत सर्किटची हिरवी पट्टी दिसेपर्यंत थांबू नका! हा बसला. हा नीट बसला. कोण किंचाळतंय ते? भावजी? ‘माझं काम, माझं काम’ — ऐकलंत? आत्ता आठवलं काम. अजून एक घाला, काका. शाबास. हात दोन्ही आहेत ना? मोजा. दोन्ही आहेत. बास, आता माझ्या नवऱ्याला द्या फोन. काढून घेतलाच का त्याने?

हो, मीच. मीच सांगितलं. नाही, मला वेड लागलेलं नाही, आणि ‘अरे, अरे’ करू नका. आधी भावाचा हात शिवून घ्या, रक्त सांडत हिंडवू नका त्याला. मग या दोघे. हो, या ना. मी कुठे पळते आहे? इथेच आहे.

— तुम्ही अजून उभे? झालं ना माप? मग गुंडाळा पट्टी. आणि काच आज बसवू नका. ते दोघे संध्याकाळी परत येणार आहेत. उद्या या, उद्या फोन करून या. निघा आता.