अप्पा आणि ओव्हनमधली नळी

तुम्ही मला हसता ना, हा लॅब सोडून टपरीवर येत न्हाई, चहा इथंच मागवतो म्हणून? त्याला कारण निलंग्याचे अप्पा, कंत्राटदाराचा माणूस.

रस्त्यासाठी रबर घातलेलं डांबर आलं होतं. ते साठवून ठेवलं तर रबर वर अन् डांबर खाली असं वेगळं होतं का, ते बघायचं होतं. तोंड बंद केलेल्या नळीत भरून दोन दिवस ओव्हनमध्ये उभं ठेवायचं, मग गोठवून वरचा अन् तळाचा तुकडा किती उष्णतेला मऊ होतो ते पाहायचं. दोन्हींत फरक पडला तर माल नापास. अप्पा ओव्हनसमोर स्टूल टाकूनच बसले. मी माल मुद्दाम नापास करीन, हा त्यांना संशय. ते नळी बदलतील, हा मला. म्हणून मी नळीवर खिळ्यानं सही कोरली.

निकाल आला. सही माझीच, अन् दोन्ही तुकडे तंतोतंत सारखे! इतका चांगला माल मी जन्मात पाहिला नव्हता.

"अप्पा, खरं सांगा, काय केलंत?"

"काई न्हाई साहेब. तुम्ही चहाला गेलात की पकडीनं नळी उलटी करून ठेवीत होतो."

"कशाला?"

"तुम्हीच म्हणलात ना, वेगळं झालं तर नापास. मग होऊ कसं द्यायचं? माल आमचा हाय."

चाचणी परत लावली. या खेपेला मी जागचा हललो नाही. अप्पा डोळे बारीक करून माझ्याकडंच बघत राहिले. शेवटी जवळ येऊन हळूच म्हणाले,

"साहेब, सकाळपासून चहाला उठला न्हाईत. खरं सांगा, कुणी फितवलं तुम्हाला?"