तुळशीखालचा मुरूम

या, सरकून जवळ बसा, गडमुडशिंगीच्या एस.टी. थांब्यावरची गोष्ट सांगतो. रांगेत बाळाबाई उभ्या होत्या, मागं लालासाब गवंडी. बाळाबाईंच्या घरामागच्या परड्यात संडासाचा खड्डा खणल्यापासून लालासाब एक गोष्ट ओठांत धरून होता.

"लेक आठ दिवसांत बाळंतपणाला येतीया. खड्डा झाला न्हवं?"

"झाला, आक्का. परवा चार घागरी पाणी वतलं. अजून तितंच हाय."

"काळी माती हाय आमची. ऊस बघा की कसा येतोय."

"उसाला ब्येस. शोषखड्ड्याला मुरूम लागतोय."

"मग मुरमात खणा."

"मुरूम एकाच जागी हाय. पहार घालून बघितलं."

"कुठं?"

"एस.टी. आली वाटतं."

"ट्रक हाय त्यो. कुठं?"

"तुळशीखाली."

बाळाबाईंनी पिशवी या हातातनं त्या हातात घेतली.

"सात वर्सं पाणी घालतीया, तुळस वाळतीच. सासू म्हणायची, तुझी भक्ती कमी पडतीया."

"भक्ती न्हवं, आक्का. मुरमात पाणी थांबत न्हाय."

"उद्या तुळस काळ्या मातीत न्या. खड्डा मागनं."

"मी हात लावू तुळशीला?"

"मग तिचा नवा कट्टा कोण बांधणार, मी?"

ती तुळस आता कमरेएवढी आहे. तिला हात जोडाल तेव्हा लालासाबचीही आठवण काढा.